मोबाईलवर लोन घेण्याआधी ॲपच्या मागचा सावकार शोधा

माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, तहसील ऑफिसच्या समोरच. लोक सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे फॉर्म घेऊन येतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच जण काम झालं तरी रेंगाळतात, दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून मोबाईल पुढे करतात आणि हळूच म्हणतात, दादा हे जरा बघता का, हे लोक रोज फोन करतायत. मागच्या उन्हाळ्यात भाजीवाल्या मावशी आल्या होत्या. त्यांच्या मुलाने ॲपवरून ५,००० चं लोन घेतलं, हातात आले ३,५००, आणि सातव्या दिवशी ५,००० भरायचे होते. सहाव्या दिवशीच मावशींच्या जावयाला, शाळेतल्या बाईंना, गॅसवाल्याला मेसेज गेले की हा मुलगा चोर आहे. पोरगं दोन दिवस जेवलं नव्हतं.

तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी हे सगळं बसून सांगतो, आज लिहूनच काढतोय म्हणजे पुढे पाठवता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ॲप म्हणजे सावकार नाही. ॲप म्हणजे दलाल, कर्ज देणारा त्याच्या मागे असतो, आणि तो एकतर बँक असायला हवा नाहीतर आरबीआयकडे नोंदणी झालेली एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज द्यायचं रजिस्ट्रेशन असलेली कंपनी. ॲपचं नाव कितीही चकचकीत असो, तुमचा करार होतो तो त्या मागच्या कंपनीशी. ते नाव सापडलं तर पुढचे सगळे नियम तुमच्या बाजूने आहेत, तक्रार कुठे करायची ते ठरतं, पैसे कुणाला भरायचे ते ठरतं. नाव सापडलं नाही तर तिथेच थांबा, ॲप काढून टाका, ५,००० साठी कितीही नड असली तरी.

हे मी उगाच ताणून सांगत नाहीये. आरबीआयने २०२१ च्या जानेवारीत यासाठी एक गट नेमला होता, त्यांनी वेगवेगळ्या ॲप स्टोअरवर शोध घेतला तर ११०० च्या आसपास लोन ॲप सापडले आणि त्यातले ६०० बेकायदेशीर निघाले. निम्म्याहून जास्त! त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल लेंडिंगचे, म्हणजे ॲपवरून कर्ज द्यायचे, नियम आले आणि ८ मे २०२५ ला ते सगळे एकत्र करून नवे निर्देश निघाले.

नाव कसं शोधायचं

ॲप डाऊनलोड करायच्या आधीच, स्टोअरच्या पानावर खाली वर्णन असतं ते पूर्ण उघडा. नियमात बसणाऱ्या ॲपमध्ये कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं पूर्ण नाव तिथे लिहिलेलं असतं. "आरबीआय अप्रूव्हड" एवढंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, आरबीआय ॲपला अप्रूव्हल देतच नाही, ती कंपनीला रजिस्ट्रेशन देते. मग ते नाव घेऊन आरबीआयच्या वेबसाईटवर जा, तिथे नोंदणी असलेल्या एनबीएफसींची यादी आहे, शिवाय १ जुलै २०२५ पासून कोणतं ॲप कुठल्या कंपनीचं आहे याचीही यादी टाकलेली आहे. ती यादी कंपन्यांनीच भरलेल्या माहितीवर बनते, म्हणजे नाव दिसलं की आरबीआयने सर्टिफिकेट दिलं असं समजू नका, पण ॲप आणि कंपनीची जोडी खरी आहे का हे ताडून बघायला ती फार उपयोगी आहे.

आता एक फसवणूक अशी होते की खोटं ॲप खऱ्या एनबीएफसीचं नाव लावून बसतं. म्हणून शेवटची खात्री उलट्या बाजूने करा. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर जा, तिने आपले ॲप आणि एजंट कोण हे तिथे जाहीर करायलाच लागतं, त्यात हे ॲप आहे का बघा, आणि नसेल तर वेबसाईटवरच्या नंबरवर फोन करून सरळ विचारा. ॲपमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, वेबसाईटवरच्या. बँक असेल तर अजून सोपं, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरपर्यंत बँकांना आपल्या वेबसाईट डॉट बँक डॉट इन वर न्यायला सांगितल्या होत्या, त्यामुळे पत्त्याचा शेवट बघायची सवय लावून घ्या.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी दुकानातच करून दाखवतो आणि दोनपैकी एकदा तरी नाव सापडतच नाही.

व्याजाचा आकडा बघू नका, दुसरा आकडा बघा

लोन घ्यायच्या आधी तुम्हाला एक कागद मिळायलाच हवा, "की फॅक्ट स्टेटमेंट" म्हणतात त्याला, साध्या भाषेत कर्जाची कुंडली. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या नव्या रिटेल कर्जांना तो सक्तीचा आहे आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असं नियमात आहे, म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे, मागा. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत, त्यात व्याजही आलं आणि प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स वगैरे सगळंच आलं.

हा आकडा का महत्त्वाचा ते हिशोबाने सांगतो. समजा १०,००० चं लोन, व्याज वर्षाला १८ टक्के, तीन महिन्यांत फेड. ऐकायला ठीकच वाटतं ना. पण प्रोसेसिंग फी ५०० आणि त्यावर जीएसटी ९० आधीच कापून घेतले, हातात आले ९,४१०. हप्ता बसतो ३,४३४ च्या आसपास, तीन हप्त्यांचे झाले १०,३०२. आता हातात आलेल्या पैशावर हिशोब धरला तर वर्षाचा खर्च ५६ टक्क्यांच्या घरात जातो. फसवणूक नाही ही, नियमातलं लोनच आहे, पण जाहिरातीत १८ लिहिलेलं असतं आणि कागदात ५६. आणि मावशींच्या मुलाचं बघा, ३,५०० वर सात दिवसांत १,५०० जास्त, म्हणजे वर्षाला २,२०० टक्क्यांच्या वर. गावचा सावकारसुद्धा एवढं तोंड उघडून मागणार नाही.

त्या कागदात लिहिलेलं नाही असं कुठलंही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. दलाल ॲपची फी कर्ज देणाऱ्याने द्यायची, तुमच्याकडून वेगळी मागायची नाही. "आधी २,००० रजिस्ट्रेशन भरा मग लोन पास होईल" असं कोणी म्हणालं की तो चोरच, यात दुसरा विचारच नको. हप्ता चुकला तर दंड लागतो पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आणि घेतल्यावर पस्तावलात तरी वाट आहे, कूलिंग ऑफ म्हणून कमीत कमी एक दिवस तरी मिळतो, तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसाचं व्याज परत करून बाहेर पडता येतं, फार तर प्रोसेसिंग फी जाईल. किती दिवस मिळतात ते त्याच कागदात लिहिलेलं असतं.

पैसे येण्याजाण्याचा रस्ताही बघा. कर्जाचे पैसे कर्ज देणाऱ्याच्या खात्यातून थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवेत, आणि हप्ताही थेट कंपनीच्या खात्यात जायला हवा, मधल्या कुणाच्या खात्यातून नाही. वसुलीवाला म्हणाला या युपीआयवर टाका, उद्या म्हणाला दुसऱ्या युपीआयवर टाका, आणि नाव कुठल्यातरी माणसाचं येतंय, तर एक रुपया टाकू नका, कारण तो हप्ता तुमच्या कर्जात जमाच होणार नाही.

कॉन्टॅक्ट मागितले की थांबा

खरा छळ इथून सुरू होतो म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. लोन ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो, फाईल बघायची परवानगी नाही. आरबीआयचाच नियम आहे आणि गुगलच्या प्ले स्टोअरनेही मे २०२३ च्या शेवटापासून कर्जाच्या ॲपना फोटो आणि कॉन्टॅक्ट बंद केलेत, शिवाय ६० दिवसांच्या आत पूर्ण फेड मागणारं लोन ॲप तिथे चालतच नाही. केवायसीसाठी एकदा कॅमेरा, माईक, लोकेशन मागू शकतात, तेही विचारून. बाकी काहीही मागितलं आणि "अलाऊ केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही" असं आलं तर ते ॲप कर्ज देत नाहीये, तुमची माणसं ओलीस धरतंय. आणि कुणी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली, "हे इन्स्टॉल करा, स्टोअरवर नाही मिळणार", तर हात लावू नका.

आत्ताच्या आत्ता फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, ॲप्समध्ये जा, एकेक लोन ॲप उघडून परमिशन्स बघा आणि कॉन्टॅक्ट, फाईल, एसएमएस, कॉल लॉग सगळं डोन्ट अलाऊ करा. एक मात्र लक्षात ठेवा, ॲप काढून टाकलं म्हणजे आधी उचललेली माहिती परत येत नाही, ती त्यांच्या सर्व्हरवर गेलेली असते. त्यासाठी लेखी मागणी करावी लागते. दिलेली संमती मागे घ्यायचा आणि माहिती पुसायला लावायचा हक्क आरबीआयच्या नियमातच आहे. मी लोकांना जो ईमेल लिहून देतो तो असा:

"माझा लोन खाते क्रमांक अमुक. माझे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग व एसएमएस वापरण्याची दिलेली कोणतीही संमती मी आजपासून मागे घेत आहे. कर्जाच्या हिशोबासाठी कायद्याने ठेवावी लागते ती सोडून माझी बाकी सर्व माहिती पुसून टाकावी, ती कोणाकोणाला दिली त्यांची नावं कळवावीत आणि काय कारवाई केली ते लेखी सांगावं. माझ्याशिवाय इतर कुणाशीही या कर्जाबद्दल संपर्क करू नये."

हा ईमेल ॲपच्या हेल्प सेंटरला नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करायचा, त्याचं नाव, नंबर, ईमेल वेबसाईटवर आणि त्या कुंडलीच्या कागदावर असतोच. परत तेच, नाव माहीत असेल तरच हे जमतं.

डेटाचा वेगळा कायदाही झालाय, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले पण कंपन्यांना अठरा महिने मुदत दिलीय, म्हणजे मुख्य तरतुदी २०२७ च्या मध्यापर्यंत लागू होतील. मला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडली, संमती मागणारी नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागणार, म्हणजे मराठीतही. माझ्या काउंटरवर लोक वीस-वीस पानं इंग्रजी न वाचता खाली बोट लावतात, त्यांना अडाणी म्हणायचं का, ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत विचारलंच नाही तर ती संमती कसली?

आणखी एक, आधार. मोबाईलवरून पाठवताना मास्क्ड आधार पाठवा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली. आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, अंगठा लावायचा असेल तेव्हा उघडता येतं. आणि संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते एकदा बघाच, एका काकांच्या नावावर त्यांना माहीत नसलेली दोन निघाली.

आधीच अडकला असाल तर

पहिलं काम, घरच्यांना सांगा. बाकीचं सगळं नंतर. या लोकांची सगळी ताकद तुमच्या लाजेत आहे. तुम्ही स्वतःच जवळच्या चार जणांना मेसेज टाकलात की माझा फोन एका खोट्या ॲपच्या हाती लागलाय, माझ्या नावाने फोटो किंवा मेसेज आला तर उघडू नका, मला स्क्रीनशॉट पाठवा, की त्यांच्या हातातलं हत्यार बोथट झालं. मावशींच्या मुलाने हेच केलं आणि जावयानेच पुढे त्याच्यासोबत येऊन तक्रार लिहिली.

मग पुरावा. ॲप काढायच्या आधी त्यातल्या लोनच्या पानाचे, परमिशनचे, कंपनीच्या नावाचे स्क्रीनशॉट घ्या, ज्या नंबरवरून फोन आले त्यांची यादी, मेसेज, पैसे गेले ते युपीआय नंबर आणि बँक स्टेटमेंट, सगळं एका फोल्डरमध्ये.

धमकी, एडिट केलेले घाण फोटो, पैशाची लुबाडणूक असं काही असेल तर राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा, आणि पैसे गेले असतील तर १९३० ला फोन, जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवायची शक्यता जास्त, सकाळ व्हायची वाट बघू नका. जवळच्या पोलीस ठाण्यातही अर्ज द्या आणि पोच घ्या. खंडणीला भारतीय न्याय संहितेत कलम ३०८ आहे, धमकीला ३५१, अर्जात लिहिलंत तर समोरचा नीट वाचतो असा माझा अनुभव आहे. बेकायदेशीर ॲपची माहिती आरबीआयच्या सचेत पोर्टलवरही टाका.

लोन खऱ्या कंपनीचं आहे पण वसुलीवाला त्रास देतोय, तर रस्ता वेगळा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, शिवीगाळ नाही, नातेवाईकांना गाठायचं नाही, आणि एजंट कोण येणार हे कंपनीने तुम्हाला आधी कळवायचं असतं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि तक्रार नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जा, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, एक पैसा लागत नाही आणि वकीलही लागत नाही. अडलात तर १४४४८ वर माहिती मिळते. आधी कंपनीकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते, बऱ्याच जणांची तशी आलेली मी बघितलीय.

"उद्या पोलीस येतील, अटक होईल" ही धमकी सगळ्यांना येते. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. पण चेक किंवा ऑटो डेबिट बाऊन्स झालं तर केस होऊ शकते, हे लपवून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, म्हणून कंपनी खरी असेल तर पळू नका, लेखी मुदत मागा. युपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून भाग असतो, तिथे कुणाकुणाला पैसे ओढायची परवानगी दिलीय ते बघा आणि खोट्या ॲपची लगेच रद्द करा.

आपल्याकडे गोंधळ होतो तो पतसंस्थेचा. पतसंस्था आरबीआयच्या खाली येत नाही, सहकार खात्याच्या खाली येते, त्यामुळे तिची तक्रार लोकपाल घेणार नाही, तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज द्यायचा. गावातला सावकारही तिथेच, त्याला २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याखाली लायसन लागतं आणि व्याजाचा दर सरकार ठरवतं. लायसन नसेल तर तोच गुन्हा.

मग नडीला पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न खरा आहे आणि नुसतं ॲप वाईट म्हणून तो सुटत नाही. जनधन खातं सहा महिने नीट चालवलेलं असेल तर १०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात शिल्लक नसली तरी पैसे उचलायची, सोय आहे, बँकेत जाऊन विचारा, बहुतेकांना माहीतच नसतं. हातगाडी, भाजी, चहाची टपरी असेल तर पीएम स्वनिधीत पहिलं लोन आता १५,००० पर्यंत मिळतं, वेळेवर फेडलं तर पुढे २५,००० आणि मग ५०,०००. बचत गटात असाल तर अंतर्गत कर्ज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात माणुसकीचं, हे मी आमच्या गल्लीतल्या बायकांचं बघून सांगतो. मावशींचं स्वनिधीचं अर्ज मीच भरला.

लोन फिटल्यावर नो ड्यूजचा कागद मागून घ्या आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या ती नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, पैसे मागणारं पान उघडलं तर ते बंद करून फ्री रिपोर्टचं पान शोधा. फेडलेलं लोन थकीत दिसत असेल किंवा न घेतलेलं लोन दिसत असेल तर तिथेच तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई म्हणून तुम्हाला मिळतात, त्यामुळे तक्रारीची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आठवणीने ठेवा.